सरनोबतसाहेबांची एक किक

माजी सभापती सरनोबतसाहेबांनी आपली बासष्ट सालची मोटारसायकल विकायला काढली, तेव्हा मिरजेची गॅरेजवाली नसीमा ती बघायला गेली. गाडी आरशासारखी चकचकीत होती. नसीमाला तिथंच संशय आला.

"सहा महिने शेडमध्येच आहे, कुणी हात लावला नाही," साहेब मिशीला पीळ देत म्हणाले. "तरी बघा, एका किकमध्ये उठते!"

त्यांनी पाय उचलला, तोच नसीमानं इंजिनवर तळवा टेकवला आणि झटकन मागं घेतला.

"सहा महिने झोपलेल्या गाडीला एवढा ताप कसा हो, साहेब?"

"ऊन लागलं असेल."

"शेडमध्ये?" नसीमा ओट्यावर ऐसपैस बसली. "चहा सांगा. इंजिन गार पडलं, की मग मारा तुमची एक किक."

साहेबांनी उचललेला पाय हळूच खाली ठेवला.

"चहाचं राहू दे, बाई. भाव बोला."