समोरच्या गोलकडं सरकणारा मॅनेजर

एका शहरात एक तालीम होती आणि त्या तालमीत एक धैर्यशील होता. तालीम म्हटलं की तुम्हाला कुस्ती आठवेल, पण त्या शहराला वेड फुटबॉलचं. पेठेपेठेची टीम, पेठेपेठेचा झेंडा! आणि धैर्यशील म्हणजे वाघजाई तालमीचा हुकमी स्ट्रायकर. बॉल त्याच्या डाव्या पायाला लागला की लोक आधीच उठून नाचायला लागायचे. गोल व्हायचा तो नंतर.

पुढं गुडघा गेला, खेळणं थांबलं. तालमीनं मोठ्या मानानं त्यालाच मॅनेजर केलं. सगळी पेठ खूश. आता काय, कप आपलाच!

कप कसला? टीम हरायलाच लागली. त्याचं काय व्हायचं, बघा. मॅनेजरनं मैदानाच्या कडेला, बाकापाशी थांबायचं असतं. हा पठ्ठ्या सरकत सरकत समोरच्या टीमच्या गोलपाशी पोचायचा. पंच मागं हाकलायचे, हा परत सरकायचा. जन्मभर तिकडंच बघायची सवय! "मार! शूट कर!" एवढंच ओरडायचा, तेही फक्त त्याच्या जागी पुढं खेळणाऱ्या पृथ्वी नावाच्या पोराला. इकडं स्वतःच्या गोलमध्ये बॉल शिरायचा. मग हा वळून विचारायचा, "आँ? कधी झाला?"

शेवटची मॅच उरली. बरोबरी झाली तरी चालणार होतं, पण हरले तर तालीम वरच्या गटातून खाली जाणार. आजवर कधीच गेली नव्हती. धैर्यशीलला जेवण गोड लागेना.

प्रॅक्टिसला त्यानं गोलकीपर इस्माईलला झापलं. "किती गोल खातोस रे? पोट भरत न्हाई व्हय तुझं?"

इस्माईल शांतपणे म्हणाला, "दादा, एकदा इकडं येऊन उभं ऱ्हावा. मग बोला."

एवढ्या मोठ्या खेळाडूला असं बोलायचं? धैर्यशीलचे कान तापले. पण तो खरंच गेला. लंगडत, सगळं मैदान ओलांडून, आपल्याच गोलमागं जाऊन उभा राहिला. कट्ट्यावरची टोळी ओरडली, "दादा, गोल तिकडं मारायचा असतोय! वय झालं काय?"

तो हलला नाही. संध्याकाळभर बघत राहिला. मागची पोरं जीव तोडून पळत होती, पडत होती, उठत होती. आणि लांब तिकडं पृथ्वी कमरेवर हात ठेवून उभा. बॉल कधी येतोय, वाट बघत. उभं राहायची ती ऐट धैर्यशीलनं लगेच ओळखली. त्याचीच होती ती.

त्यानं पृथ्वीला बोलावलं. "समोरच्यांना कॉर्नर मिळाला की मागं यायचं."

पृथ्वी हसला. "तुम्ही कधी आलता, दादा?"

आता भडकणार, असंच सगळ्यांना वाटलं. धैर्यशीलनं सगळ्यांसमोर मान हलवली. "न्हाई. आमच्या वेळच्या गोलकीपरला जाऊन इचार, किती शिव्या दिल्यात मला!"

पोरं खळखळून हसली. पृथ्वीपण.

मॅचला धैर्यशील बाकापाशीच थांबला, सगळं मैदान दिसेल असा. गोल इकडं नाही, तिकडंही नाही. अगदी शेवटी समोरच्यांना कॉर्नर मिळाला. इस्माईलनं उडी घेतली, पण बॉल हाताला लागलाच नाही. गोलमध्ये चाललाच होता, तेवढ्यात रेषेवर उभ्या पृथ्वीनं डोकं घातलं! बॉल बाहेर. शिट्टी. तालीम वाचली.

पेठ गुलालाचं पोतं घेऊन मैदानात घुसली आणि तिथंच अडकली. पहिला गुलाल गोल मारणाऱ्याला, ही तिथली रीत. पोतं धरलेले काका गोंधळले. "आरं, पण गोल कुणी मारलाच न्हाई. लावायचा कुणाला?"

"सगळ्यांना लावा की काका!" धैर्यशील ओरडला. "पोतं भरून आणलंय न्हवं?"

तात्पर्य: ज्याला चार जणांना पुढं न्यायचंय, त्यानं आपल्या जुन्या जागेवरूनच बघत बसू नये, आधी त्यांच्या जागी जाऊन उभं राहावं.