समुद्रकाकडीने दिलेलं उत्तर

समुद्राच्या पार तळाशी गोट्यांचं एक गाव होतं. ऊन तिथे कधी पोचलंच नव्हतं. सगळीकडे नुसता मऊ चिखल, आणि त्या चिखलावर बटाट्यांएवढे काळे गोटे पसरलेले. हे गोटे धातूचे होते. नखभर वाढायला त्यांना लाखो वर्षं लागत. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण त्या गावात घाई कुणालाच नव्हती.

चिखलात घट्ट बसता येत नाही, म्हणून बहुतेकांनी गोट्यांवरच बस्तान मांडलं होतं. कुणी स्पंज, कुणी पोवळं. एकदा बसलं की जन्मभर तिथेच. त्यामुळे गावात एक रीत पडली होती. बाहेरचं कुणी आलं, तर चालणाऱ्याने पुढे जायचं, काय हवं ते विचारायचं, मग घरोघर फिरून सगळ्यांचं म्हणणं घ्यायचं आणि नंतरच पाहुण्याला उत्तर द्यायचं.

चालणारी होती समुद्रकाकडी. ही नावाचीच काकडी. खरं तर मऊ, लठ्ठ प्राणी, चिखल खात खात पुढे सरकणारा. वरून मेलेल्या जिवांचा भुगा चिखलावर पडे, त्यावर तिचं पोट चाले. गोट्यांचा तिला काडीचा उपयोग नव्हता. उलट त्यांना वळसे घालून घालून ती मेटाकुटीला आली होती.

"सगळे बसलेत आरामात, आणि पायपीट माझ्या एकटीची," असं ती येता-जाता पुटपुटे. तिचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं नाही. दमली होती बिचारी, आणि दमलीस का म्हणून तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

गावाच्या टोकाला एका गोट्यावर मेलेल्या स्पंजाचा देठ उभा होता. त्या देठावर एका ऑक्टोपस आईने अंडी घातली होती. गारठ्यात अंडी फार सावकाश वाढतात. कित्येक वर्षं ती आठही हातांनी त्यांना कवटाळून बसली होती, काहीही न खाता. तिची कातडी फिकट पडली होती, डोळे खोल गेले होते. पण आता अंड्यांच्या आत इवले इवले डोळे दिसू लागले होते. "थोडेच दिवस राहिले," ती स्वतःला सांगे. "मग मी मेले तरी चालेल."

आणि एकदा वरून दिवे लावलेलं एक यंत्र उतरलं. रीतीप्रमाणे काकडी पुढे गेली.

"नमस्कार," यंत्र म्हणालं. "आम्हाला हे गोटे हवेत. वर बॅटऱ्या बनवायच्या आहेत. यांच्यावर कुणी राहतं का?"

"विचारून सांगते," एवढंच म्हणायचं होतं. पण काकडीने मागे वळून पाहिलं. जिकडे तिकडे गोटे. प्रत्येकाला वळसा घालायचा, प्रत्येकाचं ऐकून घ्यायचं. त्यात ती पोवळी तर एकदा बोलायला लागली की थांबायचं नाव घेत नसत. तिला सगळंच नकोसं झालं.

"दगडावर कोण राहणार?" ती म्हणाली. "मी तर चिखलात असते. न्या खुशाल. वाट तरी मोकळी होईल."

"आभारी आहे," यंत्र म्हणालं आणि वर निघून गेलं.

"काय गं, कोण आलं होतं?" म्हाताऱ्या स्पंजाने विचारलं.

"कुणी नाही, आजोबा. वाट चुकलं होतं कुणीतरी."

मग मोठं यंत्र आलं. ते चिखल खरवडत, गोटे गिळत निघालं. म्हातारा स्पंज त्याच्या गोट्यासकट गेला. चिखलाचा लोट उठला आणि पोवळ्यांची तोंडं बुजली.

"काकडीताई!" ऑक्टोपस ओरडली. "सांग ना त्यांना! इथे मी आहे, माझी अंडी आहेत!"

काकडी आयुष्यात पहिल्यांदा घाईने चालली. "थांबा! इथे राहतात! सगळे राहतात!"

"ते आम्ही आधीच विचारलं होतं," यंत्र नम्रपणे म्हणालं. "तुम्हीच सांगितलंत, कुणी राहत नाही म्हणून." आणि ते पुढे गेलं. ऑक्टोपसचा गोटा त्याने खेचून घेतला. देठ मोडला आणि अंड्यांसकट तिच्या हातात राहिला.

यंत्र गेल्यावर गाव अगदी शांत झालं. काकडीला हवी तशी वाट आता मोकळी होती. वरचा थर खरवडून नेल्यामुळे त्या वाटेवर खायला मात्र कणभरही उरलं नव्हतं.

ऑक्टोपस चिखलात बसून होती. देठ खाली ठेवला तर अंडी चिखलात गुदमरणार, म्हणून तिने तो वर उचलून धरला होता. रोवायला टणक जागा ती डोळ्यांनी शोधत होती. तशी जागा कुठे उरलीच नव्हती.

"बाई, माझं चुकलं गं," काकडी जवळ येऊन म्हणाली. "मला वाटलं..."

"ते नंतर बोलू," ऑक्टोपस हळूच म्हणाली. रागवायचंसुद्धा त्राण तिच्यात राहिलं नव्हतं. "माझे हात भरून आलेत, ताई. घटकाभर हा देठ धरतेस का?"

काकडीला हात नव्हते.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: चौघांच्या वतीने बोलायची पाळी आली, तर कितीही दमलेले असलो तरी आधी चौघांना विचारावं. जे आपल्या कामाचं नाही ते कुणाच्याच कामाचं नाही, असं परस्पर सांगून टाकू नये.