वाऱ्यातली सासनकाठी

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत.

"…मग दोष कुणाचा, बाबा? पॅनेलांचा, का माझा?" सर्जेरावनं विचारलं.

गावचे फकीर नबीशाबाबा देवाच्या सासनकाठीला तेल लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

माळेवाडीला वीज दोन ठिकाणांहून येते. थोडी ओढ्यावरच्या छोट्या वीजघरातून, थोडी घराघरांवरच्या सौरपॅनेलांतून. पॅनेलं सर्जेरावनं बसवलेली. हाताला कसब होतं आणि त्याचा ताठाही होता. पण गिरणी सुरू झाली की वीज थरथरायची आणि सगळं गाव बंद पडायचं. आज सरपंच हौसाक्कानं चावडीवर सर्वांदेखत सांगितलं होतं, "उद्या ऊन चढलं की गिरणी लावून बघायची. दिवे गेले तर शिड्या लावा आणि पॅनेलं खाली उतरवा."

"पॅनेलांची वीज गावाच्या तारेत सोडणारं माझं एक मशीन आजवर जळलं नाही," सर्जेराव म्हणाला. "वीज जरा डगमगली की माझी मशीनं आपणहून बाजूला होतात. तसंच लावलंय मी."

"सगळी?"

"सगळी. एकदम."

"आणि ओढा?"

"ओढा… एकटा पडतो. मग त्याचंही वीजघर बसतं."

"हं," बाबा म्हणाले आणि उठले.

जत्रा जवळ आली होती. देवळापुढं काठीचा सराव चालायचा. उंचच उंच बांबू, टोकाला बांधलेले चार दोर, आणि चार बाजूंनी ते धरून उभी राहिलेली माणसं. काठी देवाची, पण पहिला दोर धरायचा मान फकिराच्या घराचा. त्या गावची रीतच तशी.

काठी उभी राहिली. बाबांनी आपला दोर सर्जेरावच्या हातात दिला.

"धर."

"बाबा, हा तर तुमचा…"

"धर म्हटलं ना."

वारा आला. काठी कलली. दोर सर्रकन तळहातातून सरकला, चटका बसला आणि सर्जेरावनं तो सोडून दिला. बाकीचे तिघे फरफटत गेले.

"अरं ए, मारतोस का काय आम्हाला!" पलीकडून कुणीतरी ओरडलं.

बाबांनी झेप घेऊन दोर पकडला.

"का सोडलास?"

"हात वाचवला."

"वाचला?"

"वाचला."

"आणि काठी?"

सर्जेरावनं वर काठीकडं पाहिलं.

बाबांनी दोर पुन्हा त्याच्या हातात दिला. आता मात्र त्यानं पाय रोवले, दात आवळले आणि सगळं अंग मागं टाकलं. काठी त्याच्या बाजूला झुकू लागली. इतक्यात वारा फिरला आणि काठी पलीकडं कलू लागली.

"आता खेच!" बाबा म्हणाले.

"कशानं खेचू? सगळा जोर लागलाय की!"

"अगोदरच?"

बाकीचे तिघे खो खो हसले. एक म्हणाला, "सर्जेराव, पॅनेलं उतरवायच्या आधी तूच उतरशील बघ!"

सर्जेराव हसला नाही. त्यानं कोपर सैल केलं, दोर थोडा ढिला दिला. वारा आला तसा थोडा ओढला, थोडा सोडला. काठी डुलली… आणि उभी राहिली.

पण त्याचं लक्ष काठीकडं नव्हतं. तो छपरांकडं बघत होता.

"बाबा… पॅनेलं मी कायम पूर्ण ताकदीनं चालवतो. गरज पडली तर मागं काही उरतच नाही."

बाबांनी दोर त्याच्या हातातून परत घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेराव घरोघर फिरला. एकेक मशीन उघडून त्यानं नव्यानं लावलं, जणू त्याला बजावलं: पूर्ण ताकदीच्या थोडं खाली चाल. वीज थरथरली तरी सुटू नकोस. ती खचायला लागली, तर मागं ठेवलेलं पुढं कर.

ऊन चढलं. गिरणीपुढं गाव जमलं. शिड्या घेऊन माणसं तयार होती. हौसाक्का बल्बवर डोळा ठेवून उभी.

पट्टा फडफडला. जातं हललं. बल्ब किंचित मंदावला…

सर्जेरावनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा बल्ब लख्ख होता. पीठ पडत होतं. दुसरं पोतं लागलं, तिसरं लागलं. शिडीवाल्यानं शिडी भिंतीला टेकवली आणि, "थांबा, माझी पण ज्वारी घेऊन येतो," म्हणत तो घराकडं गेला. हौसाक्कानं पीठ चिमटीत धरून पाहिलं.

"जाड पडतंय रे," ती गिरणीवाल्यावर खेकसली. "बारीक कर जरा!"

सर्जेराव धावत देवळापाशी आला. धाप लागलेली, डोळ्यांत पाणी.

"राहिली, बाबा! वीज राहिली! गिरणी चाललीय, दिवे चाललेत… पण एकजणही एक शब्द बोलला नाही हो. वीज सांभाळली हे कुणाला कळलंसुद्धा नाही!"

बाबांनी त्याला कडकडून मिठी मारली.

"मग जिंकलास."