ढोलीपाशी घोकलेला शब्द

फार जुनी गोष्ट. भिंगरी नावाची साळुंकी शाळेच्या खिडकीत बसून इंग्रजी शिकली. नाउन, व्हर्ब सगळं तिला तोंडपाठ झालं. अर्थ सांगायची वेळ आली की मात्र ती रानात मिरवायला उडून जायची.

एका दुपारी वडाच्या ढोलीपाशी बसून ती घोकू लागली, "कम! कम!"

ढोलीत काहीतरी सरकलं. वरच्या फांदीवरची खार दचकली.

"भिंगरे, कम म्हणजे काय गं?"

"व्हर्ब!"

"अगं, पण त्याचा अर्थ काय?"

"व्हर्ब म्हणजे व्हर्ब! तुला नाही कळायचं, खारुताई. कम! कम!"

प्रत्येक शब्दासरशी आतली सरसर जवळ येत होती. रानातले किडे गप्प झाले. ढोलीतून गार श्वास आला, तशी भिंगरी थिजली.

"मी... मी तुला नाही बोलावलं!"

"बोलावलंस की," आतून कुणीतरी हळूच म्हणालं. "चार वेळा."

खारीने डोळे मिटले. उघडले तेव्हा ढोलीपाशी भिंगरी नव्हती.

संध्याकाळी ढोलीतून भिंगरीच्याच आवाजात हाक आली, "कम! कम!"

"आई, मावशी काय म्हणतेय?" खारीच्या पिलांनी विचारलं.

"'ये' म्हणतेय," खार म्हणाली, आणि पिलांना घेऊन तिने ते झाड कायमचं सोडलं.