न उमटलेला परवाना

सांबगिरी महाराज त्या वर्षी चिंचदऱ्याला होते. घाटाच्या तोंडाशी वसलेले हे गाव, आणि गावकुसाबाहेरच्या धर्मशाळेत महाराजांचे आसन. भाविकहो, दिवस प्लेगाचे होते. खालच्या शहरात आधी उंदीर पडत, मग माणसे. म्हणून सरकारने घाटमाथ्यावर नाका बसवला होता. शहराकडून येणाऱ्याने, मग तो कोणीही असो, नाक्यालगतच्या छावणीत दहा दिवस झोपडीत राहायचे. ताप आला नाही, तर नाक्यावरच्या कारकुनाने परवाना लिहून द्यायचा. मगच गावात पाऊल टाकायचे.

हा कारकून म्हणजे दाजीबा लोहोकरे. साधा, भिडस्त माणूस. वाटसरूकडून विड्याचे पानसुद्धा घेत नसे. कामावर जाण्याआधी महाराजांच्या पायांवर डोके टेकल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तालुक्याचे मामलेदार अनंतराव घारपुरे त्याला चारचौघांत ‘आमचे संत दाजीबा’ म्हणून हाक मारीत आणि खो खो हसत.

एके सकाळी दाजीबा नेहमीसारखा फुले घेऊन आला आणि वाकला. महाराजांनी झटक्यात पाय आखडून घेतले!

“लांब हो. घरात कोण आलंय तुझ्या?”

दाजीबाच्या हातातली फुले गळून पडली. “थोरली बहीण, महाराज. ठकूआक्का.”

“किती दिवस काढले तिनं झोपडीत?”

“सात.”

“आणि तू लिहिलेस किती?”

“दहा,” तो कसाबसा पुटपुटला. “आक्का धडधाकट आहे, महाराज. झोपडी गळत होती, म्हणून...”

“बाकीच्यांच्या झोपड्या गळत नव्हत्या?” महाराज म्हणाले. “अरे, सही तुझी असेल, पण शिक्का साऱ्या मुलखाचा आहे. तो काय बहिणीला ओवाळणी घालायला दिलाय तुला?”

दाजीबाला पायाखालची जमीन सरकल्यासारखे झाले. लाचेला आपण शिवलो नाही, म्हणजे आपले हात स्वच्छ, असे तो आजवर समजत होता. बहिणीसाठी केले त्यात खोटे काय, हा प्रश्नच त्याला कधी पडला नव्हता. तो तसाच उठला, घरी गेला, बायकोला आणि आक्काला घेऊन घराला कुलूप लावले. तिघेही छावणीत राहायला गेले, पहिल्या दिवसापासून दहा दिवस मोजायला. नाक्याचे काम तो तिथूनच बघू लागला. आक्का दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाक्यावर टांगा थांबला. मामलेदारसाहेब स्वतः खाली शहरात जाऊन आपल्या मेहुण्याला घेऊन आले होते. मेहुण्यांचे नाव वासुदेवराव.

“दाजीबा, दोन परवाने लिही,” मामलेदार टांग्यातूनच म्हणाले. “उद्या आमच्या चिरंजीवाची मुंज आहे. मामाच नसला तर मुंज कसली?”

“रावसाहेब, दहा दिवस...”

“हे माझे मेहुणे आहेत!”

“त्या तिसऱ्या झोपडीत माझी सख्खी बहीण आहे, साहेब. मी नि माझी बायकोही तिथंच राहतोय.”

मामलेदार पोट धरून हसले. “त्या अंगारेवाल्या गोसाव्यानं डोकं फिरवलं रे तुझं! उद्यापासून पगारही त्याच्याकडेच माग.” खाली उतरून त्यांनी दाजीबाच्या हातातले परवान्यांचे पुस्तक हिसकावले, टाक दौतीत बुडवला आणि लिहू लागले.

काय आश्चर्य सांगावे! अक्षर उमटेना. वाळूत पाणी जिरावे तशी शाई कागदात जिरून जाई आणि कागद कोराच्या कोरा. त्यांनी पान उलटले. पुन्हा तेच. तिसरे पानही तसेच! नाक्यावरच्या शिपायाने आ वासला.

“शाईत पाणी घातलंस होय रे!” मामलेदारांनी टाक भिरकावला. “चला वासुदेवराव, आम्हाला कोण अडवतो बघू.”

वासुदेवराव टांग्यातून उतरले, एक पाऊल टाकले आणि धाडकन कोसळले. दाजीबाने धावत जाऊन त्यांना सावरले, तर अंग निखाऱ्यासारखे तापलेले, आणि काखेत सुपारीएवढी गाठ!

इतका वेळ ‘माझे मेहुणे’ म्हणणारे मामलेदार दहा हात मागे उडाले. चेहरा पांढराफटक पडला. “घरात दीडशे माणूस जमलंय,” ते स्वतःशीच म्हणाले. “पोरंटोरं आहेत... मी ह्यांना तिथं नेत होतो.”

एवढ्यात कोणीतरी मागून म्हणाले, “झोपडीत घ्या त्याला.”

सांबगिरी महाराज उभे होते! धर्मशाळा तिथून कोसभर लांब. निरोप कोणी दिला नव्हता, आणि महाराजांनी आसन सोडलेले चिंचदऱ्यात आजवर कोणी पाहिले नव्हते. दाजीबाने वासुदेवरावांना उचलून आत नेले. महाराजांनी त्यांचे डोके मांडीवर घेतले, गाठीवर हात ठेवला आणि कमंडलूतले पाणी थेंब थेंब तोंडात घालू लागले.

“वाचवा, महाराज,” दाराबाहेरून मामलेदार हात जोडून म्हणाले.

“ह्याला मी बघतो. तू टांग्यात कुणाच्या मांडीला मांडी लावून आलास?”

मामलेदारांच्या सारे ध्यानात आले. ते दाजीबाकडे वळले. “दाजीबा,” ते म्हणाले, “माझी झोपडी कोणती?”

मुंज पुढे ढकलली. चौथ्या दिवशी वासुदेवरावांचा ताप उतरला, गाठ विरली. छावणीत दुसऱ्या कोणालाही ताप आला नाही, ही सारी महाराजांची कृपा! नवव्या दिवशी कचेरीतली मंडळी घोडा घेऊन आली. एकच दिवस राहिला आहे, साहेब, म्हणू लागली. मामलेदारांनी त्यांना घोड्यासकट परत पाठवले.

दहा दिवस भरले तेव्हा दाजीबाने परवाना लिहिला. महाराजही तितकेच दिवस छावणीत काढून त्याच सकाळी आसनावर परतले होते. मामलेदारांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि घराकडे न वळता थेट धर्मशाळा गाठली. पगडी काढून ठेवून त्यांनी महाराजांपुढे लोटांगण घातले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

महाराजांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

“ऊठ बाळ,” ते म्हणाले. “कचेरीत माणसं दहा दिवस खोळंबलीत.”