काळुंदरीची हद्द

मुलांनो, डोंगरातून आलेल्या नदीची आणि समुद्राची जिथे गाठ पडते, तिथे खाडी असते. अशाच एका खाडीच्या वळणावर, कांदळाच्या झाडांच्या पाण्यात उतरलेल्या मुळांमध्ये, एक काळुंदर राहत असे. काळुंदर म्हणजे तळहाताएवढा चपटा मासा, अंगावर पांढुरके ठिपके. ही स्वभावाने फार टापटिपीची होती. खाडीतले बहुतेक मासे अंडी पाण्यात सोडून आपल्या वाटेने निघून जातात. ही मात्र एखादे मूळ तोंडाने घासूनपुसून स्वच्छ करी, त्यावर अंडी चिकटवी आणि पिल्ले हिंडतीफिरती होईपर्यंत जोडीदारासह राखण करी. जोडीदार फारसा बोलत नसे, त्यामुळे त्या दोघांचे बरे चाले.

त्या खाडीची एक जुनी रीत होती. भरतीला समुद्राचे खारे पाणी वर चढते, ओहोटीला नदीचे गोडे पाणी खाली सरते आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही मिसळून मचूळ होते. पावसाळ्यात नदी इतकी भरते की गोडे पाणी पार खाडीच्या तोंडाशी जाते. उन्हाळ्यात ती बारीक होते आणि खारे पाणी कोसभर आत शिरते. म्हणून प्रत्येक मासा पाणी फिरले की ते चाखून बघे आणि चव मानवेल तिकडे सरके. जागा कुणाच्या मालकीची नसे. मुळांचा आडोसा मात्र सगळ्यांच्या पिल्लांचा असे, मग ती समुद्रात जन्मलेली असोत की खाडीत. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, अशी म्हण माणसांना करावी लागली. माशांचे तिच्यावाचून काही अडत नव्हते.

पण त्या वर्षी काळुंदरीचे मन दुखावलेले होते. बोय नावाचे रुपेरी, लांबट मासे कळपाने येत, मुळांवरचे शेवाळ खरवडत आणि तळाचा चिखल उकरून खात. त्यांच्या गडबडीत उडालेला गाळ तिच्या अंड्यांवर बसला आणि त्यातले एकही अंडे फुटले नाही. आईचे दुःख खरे होते, त्यात तिची काही चूक नव्हती. चूक पुढे झाली.

मार्गशीर्षात ती चिंबोरीकडे गेली. चिंबोरी म्हणजे चिखलात बीळ करून राहणारी मोठी खेकडी. नियमाची इतकी पक्की, की स्वतःच्या बिळातही उजव्या अंगानेच शिरायची. काळुंदरीने तिला सांगितले की खाऱ्या पाण्यातून येणाऱ्या बोयींना या वळणावर येऊ देऊ नये, आणि त्यासाठी एक हद्द घालावी. तिथे जवळच, कोळ्यांनी जाळे बांधायला रोवलेला आणि नंतर विसरून गेलेला एक खुंट होता. दोघींनी खुंटाच्या दोन्ही बाजूंचे पाणी चाखले. खालचे, समुद्राकडचे, खारट लागले; वरचे, नदीकडचे, सौम्य. मग काळुंदरीने सगळ्यांदेखत नियम सांगितला, "ज्याच्या अंगाला खारं पाणी, त्यानं खुंटाच्या खाली राहायचं. वर यायचं नाही."

हे सारे काठावरच्या चिखलात बसून एक निवटी बघत होती. निवटी हा चिखलावर रांगणारा चिमुकला मासा. तिला ना मासे धड आपली मानत, ना खेकडे. ती म्हणाली, "आज अष्टमी आहे. भांगाची भरती, तिला जोर कुठला? पुनवेच्या उधाणाला चाखा, चैत्रात चाखा, मग हद्द घाला."

चिंबोरीने नांगी आपटली. "रोज हलली तर तिला हद्द कोण म्हणेल?" असे ती म्हणाली, आणि ते तिथल्या सर्वांना पटले. राखणीचे काम एका बगळ्याने आपणहून पत्करले. खुंटाशी एका पायावर उभा राहीन, जो हद्द ओलांडेल त्याचे मी बघतो, मोबदला काही नको, असे तो फार नम्रपणे बोलला. त्याला मोबदला का नको होता, ते तुम्ही ओळखलेच असेल.

पौष-माघात बोयींची पिल्ले समुद्राकडून नेहमीप्रमाणे भरतीबरोबर वर आली. खुंटाखाली नुसते उघडे पात्र होते. आडोशाची मुळे सगळी खुंटाच्या वर. पिल्ले हद्दीपाशी घोटाळू लागली आणि बगळ्याचे दिवस सोन्याचे झाले. काळुंदरीच्या वळणावर मात्र कधी नव्हे ती शांतता पसरली. फक्त मुळांवर शेवाळ दाट माजले. ते खरवडणारे कुणी उरले नव्हते, म्हणून ती आणि तिचा जोडीदार दिवसभर मुळे घासून घासून थकून जात. तरी ती समाधानात होती. एक सवय मात्र तिची सुटली. हद्द पडली आहे म्हटल्यावर पाणी रोज चाखायचे कशाला?

फाल्गुनात तिने अंडी घातली, ती सगळी फुटली आणि चैत्राच्या सुरुवातीला पिल्लांचा पुंजका तिच्या पोटाखाली फिरू लागला. नदी तेव्हा बारीक झाली होती. एके सकाळी पिल्ले कलंडत पोहताना दिसली. काळुंदरीने कित्येक दिवसांनी घोटभर पाणी नीट चाखले. पाणी समुद्रासारखे खारट झाले होते. मोठ्या काळुंदरीला ते सोसते, कोवळ्या पिल्लांना सोसत नाही.

वरच्या अंगाला, जिथे एक ओढा झिरपत असे, तिथला डोह अजून सौम्य होता. तिकडची वाट अरुंद होती आणि वाटेवरच चिंबोरीचे बीळ होते. काळुंदर पिल्ले घेऊन तिथे पोचली तेव्हा चिंबोरी नांग्या पसरून आडवी आली. तिने पाणी चाखले.

"तुझ्या अंगाला खारं पाणी आहे," ती म्हणाली. "तुला खुंटाच्या खाली जायला हवं."

"खाली बगळा आहे, चिंबोरीबाई. माझी पिल्लं एवढीएवढीशी आहेत."

"नियम तुझ्याच तोंडचा आहे."

चिंबोरी दुष्ट नव्हती. तिला खरेच वाटत होते की आपण कर्तव्य करतो आहोत, आणि अशांशी वाद घालणे फार कठीण जाते. काळुंदर बाजूने निसटू पाहू लागली, तशी नांगी कडाडली, पुंजका फुटला आणि घाबरलेली पिल्ले ओहोटीच्या ओढीने खुंटाकडे वाहत गेली. बगळ्याने मान खाली घातली आणि वर केली. असे त्याने कितीदा तरी केले. काळुंदरीला उरलेली पिल्ले सोडून तिकडे जाता आले नाही, तिला ते नुसते बघावे लागले.

संध्याकाळी ती काठाशी आली आणि निवटीपाशी रडली. निवटीने तिला "मी सांगितलं होतं" असे ऐकवले नाही. ती म्हणाली की परवा पुनव आहे, उधाणाच्या भरतीला हा चिखलाचा काठ पाण्याखाली जातो, आणि त्यावरून डोहाकडे जाणारी वाट मी रोज रांगते. पाणी मात्र तिथे उथळ असेल आणि बगळा उथळ पाण्यातच चालतो. तेव्हा बोयींना विचारायला हवे.

काळुंदर खुंटाखाली गेली. बोयींच्या कळपातल्या म्हाताऱ्या बोयीने तिचे सगळे ऐकून घेतले.

"यंदा आमची पिल्लं मुळापर्यंत पोचलीच नाहीत," ती म्हणाली. मग तीच पुढे म्हणाली, "आम्ही गाळ उडवू. तुला तो आवडत नाही, पण आम्हाला दुसरं काही येत नाही."

पुनवेला दुपारी उधाण चढले. आधी खुंटाचे डोके पाण्याखाली गेले, मग काठ बुडाला. निवटी पुढे, तिच्यामागे काळुंदर, पिल्ले आणि जोडीदार. भोवती बोयींचा कळप शेपट्या मारत तळ ढवळत होता. पाणी चहासारखे गढूळ झाले. बगळा त्यात चार पावले चालला, दोन-तीनदा चोच मारली, ती चिखलानेच भरली. चिंबोरीने हद्द ओलांडणाऱ्यांना अडवायचे म्हणून खुंट शोधला. तो काही तिला सापडला नाही. भरतीने सगळ्यांना डोहात आणून सोडले. काळुंदरीच्या पुंजक्यातली निम्मी पिल्ले तिथे पोचली. ती वाचली, वाढली. निम्मी मात्र गेली ती गेलीच.

पावसाळा संपल्यावर काळुंदर वळणावर परतली. बोयींची पिल्ले आली, मुळांत लपली, त्यांनी शेवाळ खाल्ले, गाळ उडवला. अंड्यांवर गाळ बसला की काळुंदर पंखांनी वारा घालून तो झटकी आणि पुटपुटत पुन्हा वारा घाली. एक दिवस चिंबोरी आली. खुंट लाटांनी उपटून नेला होता, आणि नियमावाचून तिला करमत नव्हते.

"आता हद्द कुठं घालू?" तिने विचारले.

काळुंदरीने पाणी चाखले. "पाण्याला विचार," ती म्हणाली, "आणि ओहोटी लागली की परत विचार."

तात्पर्य : वाहत्या पाण्यात रोवलेली हद्द दुसऱ्याला बाहेर ठेवते तेव्हा बरी वाटते, पण पाणी हलते, आणि एक दिवस आपणच तिच्या बाहेर असतो.