पाठमोरं टेकाड

हॉर्न वाजवू नका, पाव्हणं. ते वळायचे नाहीत. संध्याकाळपर्यंत इथं पों पों करत बसलात तरी त्या टेकाडावरचं एक डोकं मागं फिरणार नाही. तुम्हाला कुंपणाच्या कामाला माणसं हवीत ना? मग गाडीतून उतरायचं, टेकाडाला वळसा घालून पुढं जायचं, त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि काम काय, मजुरी काय, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. काच खाली करून "ए, तू चल" हे इथं चालत नाही. हसताय? हसा. मी या तळ्याचा पाटकरी होतो, उभा जन्म पाणी सोडण्यात गेला, असे हसणारे पुष्कळ पाहिलेत. आधी ऐका, मग जा.

आत्ता आपण उभे आहोत तो रस्ता तळ्याच्या भिंतीवरून जातो. ही भिंत नव्हती तेव्हाची गोष्ट. इथल्या इनामदारानं तळं बांधायला काढलं. पहिल्या वर्षी पाऊसपाणी बरं होतं, ज्याला त्याला आपल्या शेतात काम होतं, त्यामुळं माणूस मिळेना. इनामदाराचा दौलती मुकादम दारोदार फिरायचा म्हणे. "दादा या, बाबा या" करायचा. भाकरीबरोबर गूळ द्यायचा, दुपारी झाडाखाली पडू द्यायचा, मजुरीची ज्वारी शीग लावून, म्हणजे मापावर वर रास येईल अशी, मोजायचा.

पुढचे पावसाळे कोरडे गेले. आजूबाजूच्या गावांतली माणसं कामाच्या आशेनं इथं येऊन बसू लागली. भिंतीच्या पायासाठी चर खणला होता, त्यातून उपसलेल्या मातीचा ढीग म्हणजेच हे टेकाड. त्यावर बसायचं आणि खाली चराकडं बघत राहायचं, कुणाची जागा रिकामी होतेय का. वरची गर्दी वाढत गेली तसं खालचं माप उतरत गेलं. आधी गूळ गेला, मग शीग गेली, मग दुपारची सावली गेली. बरं, मुकादमानं कुणावर हात उगारला नाही हो! कुणी तोंड उघडलं की तो नुसती हनुवटी टेकाडाकडं उचलायचा. तेवढ्यावर भागायचं.

चरात सटवा नावाचा एक जण खणायच्या कामाला होता. त्याची बायको ठकू आधी तिथंच मातीच्या पाट्या वाहायची. ती तापानं पडली, आणि उठून कामावर आली तर तिची पाटी दुसरीच्या डोक्यावर. मग तीही टेकाडावर बसू लागली. नवरा खाली, बायको वर.

एके दिवशी सटवाला चराच्या कडेला भेग दिसली. वरून माती भुरभुरत होती. "लाकडाचे टेकू दिल्याबिगर इथं कुणी उतरू नये," असं तो मुकादमाला म्हणाला. मुकादमानं हनुवटी उचलली. सटवा उतरला, आणि रोज उतरत राहिला. ठकू वर बसून त्या भेगेकडं बघायची. भेग रोज जराशी रुंदावलेली दिसायची. सांगणार कुणाला? नवऱ्याला जाऊ नको म्हणावं, तर होती ती चूलही बंद. रात्री तिचा डोळ्याला डोळा लागत नसे, असं सांगतात.

मग एकदा खाली एक पाटीवाली उन्हानं चक्कर येऊन पडली. टेकाडावरचे सगळे बसल्या जागी अर्धवट उठले. ठकूही उठली. जागा झाली म्हणून क्षणभर तिला बरं वाटलं म्हणे, आणि लगेच ती खाली बसली. शेजारी तिच्याच आळीतला बयाजी बसला होता. त्याची नजर आता त्या भेगेवर गेली होती. उद्या सटवा गाडला गेला तर हे सगळे असेच अर्धवट उठतील, हे तिच्या ध्यानात आलं. त्यांच्यात वाईट कुणीच नव्हतं. भूकच तशी होती.

दुसऱ्या दिवशी ठकू चराकडं पाठ करून बसली. लोक म्हणाले, तापात हिचं डोकं फिरलं. ती येईल त्याला एकच विचारत राहिली, "तुझं कोण आहे खाली?" कुणाचा भाऊ होता, कुणाची सून, कुणाचा व्याही. "मग त्याच्या पडण्याची वाट बघत बसायचं का आपण?" एवढं बोलायची अन् पुन्हा माळाकडं तोंड करायची. एकेक जण वळला. बयाजी सगळ्यांत शेवटी वळला, पण वळला.

ते पाहून सटवा चरातून वर आला आणि "आधी टेकू द्या" म्हणत कडेलाच उभा राहिला. मुकादमानं हनुवटी उचलली, तर समोर नुसत्या पाठी! "अरे, एक जागा झालीय!" तो ओरडला. कुणी हललं नाही. "दुप्पट माप देतो!" ठकूला मागचं काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. सटवा वरच आहे की त्याला दमदाटी करून खाली उतरवलाय, कळायला मार्ग नव्हता. आपण वळून बघावं, तर बाकीचेही वळणार. मुकादम म्हणाला, "तिप्पट! आत्ता, पदरात!" तेव्हा तिच्या शेजारून कुणीतरी उठलं. पावलं टेकाड उतरून गेली. ती डोळे घट्ट मिटून बसली.

खालून सटवाची हाक आली, "बयाजी, नको रे, मागं फिर!" पाठोपाठ कुदळीचे घाव ऐकू आले, आणि मग कडा कोसळल्याचा आवाज.

तेव्हा मात्र सगळे वळले, धावत खाली गेले. सटवा दोन्ही हातांनी माती उपसत होता. नवरा जिवंत दिसला म्हणून ठकूला सुटल्यासारखं झालं, आणि त्याचीच तिला लाज वाटली. बयाजीला बाहेर काढला तेव्हा त्याच्यात जीव उरला नव्हता. मुकादमानं सवयीनं टेकाडाकडं पाहिलं म्हणे. टेकाड रिकामं होतं. सगळे चराशी उभे होते, कामावरचे आणि बिनकामाचे, आणि कोण कुठला ते ओळखू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी इनामदाराकडून सागाच्या तुळया आल्या. काही दिवसांनी मापावर शीगही आली.

गावात काही जण बोललेच, हावरट होता, अद्दल घडली. ठकू बयाजीच्या घरी गेली तेव्हा चूल थंड होती, राखसुद्धा जुनी. पोरं पाणी पिऊन निजली होती. ठकू उंबऱ्यातच बसली आणि ढसाढसा रडली. बयाजीच्या बायकोला म्हणाली, "वळताना मी त्याला विचारलं होतं गं, घरात काही आहे ना रे? तो हो म्हणाला. एवढ्या माणसांत नाही कसं म्हणेल तो? मला कळायला नको होतं?"

आजही टेकाडावर सगळ्यांत आधी जो येतो, तो मागून येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, "चूल पेटली का?" नाही म्हणेल त्याला त्या दिवसाचं पहिलं काम, त्यात वाद नाही. आणि काम येईस्तोवर बाकीच्यांच्या फडक्यातली भाकरी त्याची. पण बहुतेक जण होच म्हणतात. म्हणून दोनदा विचारतात.